चुगल्याची साक्ष

मी चुगल्या बोलतोय. आता जी गोष्ट सांगणार आहे ती अक्षर न् अक्षर खरी आहे. माझ्या पोटातल्या सेलची शपथ. मला खोटं बोलताच येत नाही, माझ्यात तो भागच बसवलेला नाही. जेवढी थंडी तेवढा आकडा, एवढंच माझं बोलणं. आता नुसता आकडा ऐकून माणसं जांभया देतात, म्हणून अधूनमधून थोडी फोडणी घातली आहे. म्हणजे गोष्ट सगळी खरी आहे, फक्त सगळीच खरी नाही. आधीच सांगून टाकलं म्हणजे मागाहून भांडण नको.

माझा आकार काड्यापेटीएवढा. समोर छोटी काच, काचेत आकडा. डाव्या बाजूला एक बटण, वर लाल दिवा, आणि खाली आवाजासाठी पाच-सहा बारीक भोकं. ते माझं तोंड. लसीच्या बाटल्या जिथे ठेवतात तिथे त्यांच्या कुशीत मला ठेवायचं. लसीला दोन ते आठ अंशांच्या मधली थंडी लागते. त्याच्या वर गेलं की मी बोंब मारायची आणि खाली गेलं तरी बोंब मारायची. शिवाय मी काही विसरत नाही. सकाळी काय घडलं ते दुपारी बटण दाबून विचारा, मी तारीख-वेळेसकट सांगतो. नातेवाइकांत असा एक असतोच.

माझा जन्म लोणारचा. आभाळातून ती उल्का पडली आणि एवढा मोठा खड्डा झाला, तेव्हा तिचा एक तुकडा उडून बाजूला पडला. त्या तुकड्यातून मला घडवलं. म्हणूनच मला थंडी-ऊन एवढं कळतं.

हे मी धनुर्वाताच्या लसीच्या बाटल्यांना सांगत असे. त्यांना पटायचं. खरं विचाराल तर एका औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडखाली माझा जन्म झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका मुलीनं मला बर्फाच्या पाण्यात बुडवलं, मग कोमट पाण्यात, मग पुन्हा बर्फात. प्रत्येक वेळी माझा आकडा दुसऱ्या मोठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि म्हणाली, "पास." माणसाला पास व्हायला सोळा वर्षं लागतात. मी चाळीस मिनिटांत झालो.

तिथून मी बुलढाण्याला आलो आणि तिथून मोताळा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. केंद्राचं नाव विचारू नका. सांगितलं तर आमच्या डॉक्टर मॅडम माझा सेल काढून ठेवतील.

पहिली दोन वर्षं मी लसीच्या फ्रिजमध्ये होतो. त्या खोलीचा कारभार अविनाशभाऊंकडे. माणूस हिशेबी, नीटनेटका, एकही बाटली इकडची तिकडे होऊ देणार नाही. पण उन्हाळा लागला की लसीच्या फ्रिजमध्ये त्यांच्या ताकाची बाटली यायची. मग अर्धं टरबूज आलं. मग दुसऱ्या खोलीतल्या बाईंचा आमरस आला. दर दहा मिनिटांनी कुणीतरी झाकण उघडायचं, गरम हवा आत शिरायची आणि मी बोंबलायचो. तीन दिवस त्यांनी सोसलं. चौथ्या दिवशी जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी घेतली, बोटभर तुकडा तोडला आणि माझ्या तोंडावर चिकटवला.

"गप बस बे, चुगल्या," म्हणाले.

तेव्हापासून माझं हेच नाव. बारसं झालं पण पेढा कुणी वाटला नाही.

पुढे डॉक्टर योगिनी बदलून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्रिज उघडला, टरबूज बाहेर काढलं, सगळ्यांदेखत कापलं आणि सगळ्यांना एक-एक फोड दिली. त्या दिवसापासून फ्रिजमध्ये लसीशिवाय काही गेलं नाही. थोड्याच दिवसांत फ्रिजसाठी भिंतीवरचं मोठं यंत्र आलं, जे जिल्ह्याला थेट निरोप धाडतं. मग मॅडमनी मला गावोगाव जाणाऱ्या निळ्या डब्यात टाकलं. म्हणाल्या, फ्रिजमधल्या लसीची काळजी सगळेच करतात, रस्त्यावरच्या लसीचं काय होतं ते कुणाला ठाऊक आहे?

असा मी फिरतीवर निघालो. तोंडावर पट्टी तशीच.

आता ज्ञानेश्वरभाऊंची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्या चांगुलपणानं घडलं. आमचा डबा मोटरसायकलला बांधून गावोगाव पोचवायचं काम त्यांचं. त्याआधी वीस वर्षं ते लग्नांत पॉटचं आइस्क्रीम करायचे. लाकडी पिंप, आत दुधाचा डबा, भोवती बर्फ, बर्फावर खडेमीठ, आणि वरून हँडल फिरवायचं. मीठ पडलं की बर्फ जास्त थंड होतो आणि दूध गोठतं. धाडपासून मोताळ्यापर्यंत त्यांच्या सीताफळ आइस्क्रीमचं नाव होतं. मग तयार कप आले, पिंप अडगळीत गेलं आणि ज्ञानेश्वरभाऊ आमच्याकडे आले. बर्फाचं कुणी काही शिकवायला लागलं की त्यांना हसू यायचं.

पण हसता हसता एका गोष्टीला ते फार भ्यायचे. ती म्हणजे ऊन. मागच्या मे महिन्यात भर रस्त्यात गाडी पंक्चर झाली, सावली नाही, डबा तापला, आणि मॅडमना अख्खी लस फेकून द्यावी लागली. मॅडम रागावल्या नाहीत. नोंद केली आणि पुढच्या कामाला लागल्या. ज्ञानेश्वरभाऊ मात्र दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं की लसीचा वैरी एकच, तो वर आभाळात बसतो.

नियम वेगळा होता. डब्यात भोवती जे पाण्याचे चार आइसपॅक लावतात, ते बर्फपेटीतून काढले की लगेच भरायचे नाहीत. टेबलावर मांडून ठेवायचे. त्यांना घाम फुटला की एकेक उचलून कानाशी धरायचा आणि हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की मगच भरायचा. यात पाऊण तास जातो. ज्ञानेश्वरभाऊंना हे अजिबात पटायचं नाही. "बरफ वितळू द्या अन् मंग भरा. म्हंजे पेट्रोल सांडून द्या अन् मंग किक मारा," असं ते सगळ्यांना ऐकवायचे. काऊन, कशासाठी, हे त्यांना कुणी समजावलंही नव्हतं. नियमाचा कागद भिंतीवर लावला होता. भिंतीला पाठ झाला असेल.

आता कवठाडीकडे चला.

कवठाडी दोनशे घरांचं गाव. वर्षभरापूर्वी तिथे एका बाळाला सुईनंतर रात्री ताप आला. तो येतोच, दुसऱ्या दिवशी उतरलाही. पण ताप उतरला तरी गोष्ट उतरली नाही. चार घरं फिरून आली तेव्हा त्या तापाचे झटके झाले होते, आणि बाळ आपल्या पायांनी चालत असताना त्याचा पाय गेला असं सांगत होते. गोष्ट वाढवण्यात कवठाडीची माणसं माझ्या तोडीची. तेव्हापासून तिथे सुईला कुणी येईना.

या नकाराच्या मुखिया वच्छलाबाई. तीन सुना, बारा एकर, आणि गावात त्यांच्या शब्दापुढे ग्रामपंचायतसुद्धा जपून बोलणार. आमच्या सुवर्णा सिस्टर त्यांच्याकडे सात वेळा गेल्या. सात वेळा चहा मिळाला, होकार नाही. आठव्यांदा गेल्या तेव्हा वच्छलाबाई अंगणात कुरडया घालत होत्या. सिस्टरनी पदर खोचला आणि सोऱ्या हातात घेतला. दोन तास लसीचा शब्द काढला नाही. खाटभर कुरडया झाल्यावर वच्छलाबाईच म्हणाल्या, बरं, येते. पण पहिली सुई माझ्या ओवीले. मले पाहू दे काय होते ते.

ओवी म्हणजे त्यांची दहा आठवड्यांची नात. ओवी आली म्हणजे गाव येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो बुधवार. सकाळी सातलाच ऊन असं की मोताळ्याच्या रस्त्यावर एक कावळा उडता उडता भाजून खाली पडला. ज्ञानेश्वरभाऊंना कवठाडीचं महत्त्व माहीत होतं. सिस्टरच्या आठ फेऱ्या आपल्या हातून वाया जाऊ नयेत, एवढंच त्यांच्या मनात. अविनाशभाऊ लस मोजून देऊन चहाला गेले. ज्ञानेश्वरभाऊंनी बर्फपेटीतून आइसपॅक काढले ते दगडासारखे तसेच डब्यात लावले. मग इकडे-तिकडे पाहिलं. पिशवीतून बर्फाचे तुकडे काढून फटींत भरले. मग खिशात हात घातला आणि मूठभर खडेमीठ त्या बर्फावर पसरलं.

"आता पाहू तुहं ऊन," म्हणाले, आणि झाकण लावलं.

मी आत होतो, पाच रोगांच्या लसीच्या बाटल्यांशेजारी. सव्वासातला माझा आकडा चार. साडेसातला एक. मग शून्य. मग शून्याच्या खाली. गाडी खड्ड्यांतून चालली होती, ज्ञानेश्वरभाऊ खुशीत गुणगुणत होते, आणि आत मी उणे तीन पूर्णांक चारवर पोचलो होतो. बाटल्यांचं बोलणं एकेक करून थांबलं.

या लसीचा हा स्वभाव माणसांना पटकन कळत नाही. उन्हानं ती हळूहळू थकते, पण गोठली की एका झटक्यात संपते. आणि संपल्यावर पुन्हा पातळ होते, पहिल्यासारखीच दिसते. सुई टोचली जाते, बाळ रडतं, कार्डावर नोंद होते. आईला वाटतं, झालं, आता घोर नाही. आणि बाळाच्या अंगात नुसतं पाणी गेलेलं असतं.

कवठाडीच्या अंगणवाडीत पोचल्यावर ज्ञानेश्वरभाऊंनी डबा उघडला. बर्फाचं पाणी होऊन बाटल्यांच्या पिशवीला लागत होतं, म्हणून पाणी ओतून दिलं, उरलेला बर्फ झटकला, डबा पुसला. दोन आइसपॅकांना फुटल्यासारख्या चिरा दिसल्या म्हणून तेही काढून ठेवले. दहापर्यंत माझा आकडा पुन्हा अधिक दोनवर आला. बाटल्या अगदी टवटवीत. कुणालाही काही दिसण्यासारखं उरलं नव्हतं.

सुवर्णा सिस्टर आल्या तेव्हा ओट्यावर तेवीस बाया बसल्या होत्या, शिवाय सगळ्यांच्या पुढे वच्छलाबाई, मांडीवर ओवी. सिस्टरनी झाकण उघडलं.

आणि मी ओरडलो. तोंडावरची पट्टी टर्रकन फाडून असा ओरडलो की अंगणवाडीतल्या चटया गुंडाळल्या गेल्या, धाडच्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत, आणि तिकडे लोणारच्या तळ्यात वारा नसताना लाट उठली. सिस्टरनी मला हातात घेतलं. बटण दाबलं. काचेत पाहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं.

"ज्ञानेश्वरभाऊ, हे उणे तीन गेलं होतं. सव्वा तास."

"सिस्टर, बाहेर चव्वेचाळीस हाय. आत मायनस कुठून येईन? यंत्र बिघडलं तुमचं."

बाया हसल्या. हसण्यासारखंच होतं. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात एक डबी सांगत होती की मला थंडी वाजली.

सिस्टरनी एक बाटली उचलून उजेडात धरली. नेहमीसारखीच दुधाळ. दुसरी धरली. तीही तशीच. मला त्यांचा अंगठा जाणवत होता, घामानं ओला. त्या क्षणी त्यांना दोनच वाटा होत्या. माझं ऐकायचं, तर आठ फेऱ्यांनी आणलेलं गाव हातातून जाणार. माझं नाही ऐकायचं, तर सगळं सुरळीत, आणि कुणाला कधी कळणारही नाही.

त्यांनी बाटल्या पिशवीत घातल्या. बायांना सांगितलं, आज पोलिओचे थेंब देते, त्यांना गोठण्याचं वावडं नाही. सुई मात्र आज नाही.

वच्छलाबाई उठल्या. आवाज चढवला नाही, त्यांना तशी गरजच पडत नाही.

"आठ डाव माह्या घरी आली. ये माय, ये माय केलं. आता आलो, तं म्हनते जाय. मानसाचं आयकत नाही अन् डबीचं आयकते व्हय, वो?"

"हाव, काकू. आज डबीचंच ऐकते," सिस्टर म्हणाल्या. "उद्या दवाखान्यात या. तुमच्या डोळ्यांसमोर बाटल्या तपासू. ही लस चांगली निघाली तर मी पुन्हा तुमच्या दारात सुई घेऊन येणार नाही."

ज्ञानेश्वरभाऊ एकाएकी गाडीची साखळी तपासायला लागले. साखळीला काही झालं नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी ऐकलं आणि त्याच संध्याकाळी फ्रिजमधून त्याच लसीची, त्याच गटातली एक बाटली काढून बर्फपेटीत मुद्दाम गोठवायला ठेवली. सकाळी काढून वितळू दिली. तपासणी अशी असते: गोठून गेलेली बाटली आणि संशयाची बाटली शेजारी-शेजारी हलवून ठेवायच्या. लस गोठून मेली असेल तर तिचा गाळ झपाट्यानं खाली बसतो. जिवंत लस बराच वेळ गढूळ राहते. बायांना फरक समजावा म्हणून मॅडमनी फ्रिजमधली एक चांगली बाटलीही जोडीला घेतली.

दहा वाजता वच्छलाबाई आल्या, ओवीला घेऊन, आणि मागे अकरा बाया. तमाशा पाहायला म्हणा किंवा न्याय करायला.

मॅडम सांगायला लागल्या, यातली एक गोठवलेली, एक कालच्या डब्यातली, तोच वच्छलाबाईंनी हात वर केला. "सांगू नका. आधी सांगसान तं मले तेच दिसन."

मी आजवर पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण तपासणी कशी करावी हे त्या बाईइतकं कुणाला कळलेलं पाहिलं नाही. त्यांनी अविनाशभाऊंना बोलावलं. तिन्ही बाटल्यांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकायला लावल्या, वर एक, दोन, तीन लिहायला लावलं, कुठली कुठली ते त्यांनाच कागदावर लिहायला लावलं, आणि तो कागद न वाचता स्वतःच्या कमरेला खोचला. अविनाशभाऊ पट्टी तोडत होते तेव्हा टेबलावरच्या थंड डब्यात बसलेल्या माझ्याकडे बघत नव्हते.

मग वच्छलाबाईंनी तिन्ही बाटल्या एका मुठीत धरल्या, ताक घुसळावं तशा हलवल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. सगळे वाकले. सोळा माणसं, तीन बाटल्या. बैलांच्या शर्यतीला लोक श्वास रोखतात तसे रोखले.

पाच मिनिटं. काही नाही. ज्ञानेश्वरभाऊंच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं.

दहा मिनिटं. पहिल्या बाटलीत वर निवळ पाणी दिसायला लागलं. मग दुसरीत. पंधरा मिनिटांनी दोन्हींच्या बुडाशी पांढरा थर बसला, एका आईची लेकरं असावीत असा सारखा. तिसरी मात्र अजून दुधासारखी.

वच्छलाबाईंनी वाकून पाहिलं, मग मान सरळ केली. "हे दोन फुटले. फुटलेलं ताक असंच दिसते. ह्या तिसऱ्यात जीव हाय." आणि कमरेचा कागद काढून सिस्टरच्या हातात दिला.

एक, मुद्दाम गोठवलेली. दोन, कालच्या डब्यातली. तीन, फ्रिजमधली.

मी काचेत एकदम पाच पूर्णांक शून्य दाखवलं. विजयानं मान ताठ करायची माझी तीच पद्धत.

कुणी काही बोलायच्या आत ज्ञानेश्वरभाऊ पुढे आले. दोन नंबरची बाटली उचलून डोळ्यांसमोर धरली. "एकडाव वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवलं तं रवाळ होते. कितीबी हँडल मारा, पहिल्यावानी होत नाही," ते हळू बोलले. "हे मले ठाऊक होतं, मॅडम. वीस वरसं ठाऊक होतं. मीठ म्या टाकलं होतं."

त्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली.

मॅडमनी किल्ली उचलली नाही. बर्फपेटीतून एक आइसपॅक काढला, टेबलावर ठेवला आणि ज्ञानेश्वरभाऊंना समोर बसवलं. मग एक गोष्ट केली जी साहेब लोकांना सहसा जमत नाही. म्हणाल्या, "नियम सांगितला, पण का ते सांगितलं नाही. ती चूक आमची." पाऊण तास दोघं त्या आइसपॅकला घाम फुटायची वाट बघत बसले. मग ज्ञानेश्वरभाऊंनी तो कानाशी धरला, हलवला, आणि लहान पोरासारखे हसले.

तेवढ्या वेळात वच्छलाबाईंनी ओवीचं झबलं सोडलं होतं. "वाकडं बोलले मी काल, सिस्टर. आता दे. अन् चांगल्यातली दे." सिस्टरनी फ्रिजमधून नवी बाटली घेतली, बाटली आधी माझ्याशेजारी धरली, माझा आकडा मोठ्यानं वाचला, "पाच," आणि सुई दिली. ती सुईसुद्धा नव्या तऱ्हेची. एकदा दांडा दाबला की आतल्या आत अडकते, दुसऱ्यांदा भरताच येत नाही. ओवी रडली. माझ्यापेक्षा थोडी जास्त.

पुढच्या बुधवारी कवठाडीत एकतीस बाळं आली. तेवीस अपेक्षित होती, आठ शेजारच्या वस्तीतून आली. वच्छलाबाईंनी गोष्ट सांगितली होती, आणि कवठाडीच्या रिवाजाप्रमाणे वाढवून. त्यांच्या गोष्टीत मी सिस्टरशी मराठीत बोललो होतो. त्या गावात आता एक पद्धत पडली आहे. कितीही घाई असो, सुई देण्याआधी कुणीतरी विचारतंच, "चुगल्या काय म्हनते?" सिस्टर आकडा वाचून दाखवतात. तोवर एकही आई लेकराची मांडी उघडी करत नाही.

ज्ञानेश्वरभाऊ आता तालुक्याच्या प्रशिक्षणात शिकवायला जातात. शिकायला आलेल्यांना आइसपॅक कानाशी धरायला लावतात आणि म्हणतात, गाणं आयकू आलं का? नाही? मंग बसा. मिठाची गोष्ट स्वतःच सांगतात, काही लपवत नाहीत. त्यांनी शिकवलेलं कुणी विसरत नाही.

यंदा नवा डबा आला आहे. त्याला आत दुसरी भिंत आहे, त्यामुळे बर्फ कितीही कडक असो, लसीला त्याचा स्पर्शच होत नाही. पहिल्या दिवशी ज्ञानेश्वरभाऊंनी आइसपॅक बर्फपेटीतून काढून तसेच भरले आणि दिवसभर मला दर तासाला विचारत बसले. मी तीन पूर्णांक एकच्या खाली उतरलो नाही. संध्याकाळी ते डब्यावर थाप मारून म्हणाले, "मॅडम, आता मीठ टाकून पाहू का?" मॅडमनी नुसतं पाहिलं. ते पाणी प्यायला निघून गेले.

आता माझं वय पाच वर्षं, म्हणजे तुमच्या हिशेबानं पन्नाशी. सेल अकरा टक्क्यांवर आहे. माझ्या जागी नवा येतोय, तो आकडा थेट सिस्टरच्या मोबाइलवर पाठवतो. येऊ द्या. हुशार आहे म्हणतात. पण त्याचाही आकडा कुणी पाहिला नाही तर तोही काड्यापेटीच. एवढंच मागणं आहे: तुमच्या लेकराच्या सुईच्या दिवशी विचारा, आकडा काय म्हणतो? विचारायला लाजू नका. आणि थंड म्हणजे चांगलं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असं समजून मायेनं मीठ टाकू नका.

आता कबुली. कावळा, कोंबड्या, लोणारची लाट, हे खोटं आहे ते तुम्हाला आधीच कळलं. त्याची कबुली कशाला? पण एक खोटं तुम्ही खरं मानलंत.

मी ओरडलो नाही.

मला ओरडता येतच नव्हतं. अविनाशभाऊंनी लावलेली पांढरी पट्टी आजही माझ्या तोंडावर आहे, कडा काळ्या पडल्या आहेत, पण चिकटलेली आहे. त्या दिवशी कवठाडीच्या ओट्यावर माझा फक्त लाल दिवा लुकलुकत होता, आणि अकराच्या उन्हात तो कुणालाही दिसला नसता. समोर तेवीस बाया, बाटल्या दिसायला चांगल्या, गाव पहिल्यांदा आलेलं. कुणीही थेट बाटली उचलली असती. सुवर्णा सिस्टरनी आधी मला उचललं, पदरानं काच पुसली आणि बटण दाबलं. दर वेळी दाबतात. कुणी सांगत नाही, कुणी पाहत नाही, तरी दाबतात.

बाकी उणे तीन पूर्णांक चार, तो मात्र खरा. अजून माझ्या आठवणीत आहे. बटण डाव्या बाजूला आहे, दाबून बघा.